यात्रेतली घोड्यांची स्पर्धा: खोगिरापासून कागदांपर्यंत सामान कसं सांभाळायचं?

बीदर-कलबुर्गी सीमाभागातून माळेगाव, अकलूज, सारंगखेड्याला जाणाऱ्या घोडेवाल्यांसाठी उपयोगी माहिती

दसरा झाला की भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या घोडेवाल्यांना यात्रांचे वेध लागतात. घोड्याचा खुराक वाढतो, चाल घोटून घेतली जाते, पिकअपचं भाडं ठरतं. सामानाचा विचार मात्र निघायच्या आदल्या रात्री होतो. मग यात्रेत पोचल्यावर कळतं की लगाम कुणी उचलला, मोबाईल कुठं पडला, आणि घोड्याचं प्रमाणपत्र ज्या पिशवीत होतं ती पिशवीच सापडत नाही.

खोगीर गेलं तर दुसरं घेता येतं. कागद गेले तर स्पर्धेत प्रवेश अडतो, गिऱ्हाईक मागं सरतं, आणि परतीच्या वाटेवर नाक्यावर हात जोडत उभं राहावं लागतं. ज्या घराने वर्षभर एका घोडीवर पैसा लावलाय, त्याला हे परवडणारं नाही. म्हणून ही माहिती एका ठिकाणी.

कुठल्या यात्रा, कुठली वाट

सीमाभागाला सगळ्यात जवळची मोठी यात्रा म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबा यात्रा. ती मार्गशीर्षाच्या अखेरीस, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार आणि नांदेड जिल्हा परिषदेतर्फे होणारं पशुप्रदर्शन ही तिची ओळख. भालकी-कमलनगरकडची मंडळी उदगीर, अहमदपूरमार्गे तिथं पोचतात. घोडा हे खंडोबाचं वाहन आणि भालकी तालुक्यातल्या खानापूरचा मैलार मल्लण्णा म्हणजे तोच देव. त्यामुळे इकडच्या माणसाला माळेगाव परकं वाटत नाही.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजला बाजार समितीचा घोडेबाजार दिवाळीच्या सुमारास भरतो. आळंद-कलबुर्गीकडच्यांना अक्कलकोट, सोलापूर, पंढरपूर अशी वाट सोयीची. तिसरं ठिकाण लांबचं: नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा. दत्त जयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्यासोबत चेतक फेस्टिव्हल. तिथं घोड्यांच्या चालीच्या, नाचाच्या, देखणेपणाच्या स्पर्धा होतात.

तिन्ही ठिकाणं महाराष्ट्रात आहेत. म्हणजे कर्नाटकातल्या माणसाची गाडी, कागद, पैसा आणि जनावर राज्याची हद्द ओलांडून जातं. वस्तू हरवली तर घरापासून लांब, दुसऱ्या राज्यात निस्तरावं लागतं.

सामान नेमकं कधी जातं?

यात्रेत सामान बहुतेक वेळा ठरावीक चार-पाच वेळांनाच जातं.

एक, पोचल्या पोचल्या. गाडीतून घोडा उतरवताना सगळ्यांचे हात दाव्याला असतात आणि पिशव्या रस्त्याच्या कडेला.

दोन, घोडा रिंगणात असताना. ही सगळ्यात धोक्याची वेळ. घरातलं लहानथोर सगळं रिंगणाभोवती गोळा होतं आणि पाल ओस पडतं. नंबर पुकारल्यापासून घोडा परत येईपर्यंत अर्धा तास जातो. उचलणाऱ्याला पाच मिनिटं पुरतात.

तीन, नंबर लागल्यावर. ढोल वाजतो, भंडारा उधळतो, ओळखीचे-अनोळखी सगळे खांद्यावर हात टाकतात, फोटो काढतात. या गर्दीत वरच्या खिशातला मोबाईल आणि मागच्या खिशातलं पाकीट टिकत नाही.

चार, पहाटे तीन ते पाच. रात्रभर लावणी, कुस्तीच्या गप्पा झाल्यावर याच वेळी गाढ झोप लागते.

पाच, परत निघताना. पाल उतरवलेलं असतं, अर्धं सामान गाडीत आणि अर्धं खाली.

या वेळा आधीच माहीत असतील तर दिवसभर डोळ्यात तेल घालून बसायची गरज नाही. या वेळी कुणी थांबायचं एवढं ठरलं की बरंच काम होतं.

खोगीरभरती टाळा

मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द उगाच आलेला नाही. स्पर्धेला लागतं तेवढंच न्यावं.

न्यायचंच असं: रोजचं एक खोगीर, तंग, रिकिबी, लगाम, अगाडी-पिछाडीचे दोर, दोन मेखा जास्तीच्या, झूल, तोबरा, खरारा, स्वतःच्या दोन बादल्या, चंदी, औषधाची डबी आणि नालाचे खिळे.

विचार करून न्यायचं असं: सजावटीचं खोगीर, कलगी, घुंगरू, चांदीचे दागिने. नाचाच्या स्पर्धेला हे लागतंच. पण ते रिंगणात जायच्या आधी चढवावं आणि बाहेर आल्याबरोबर उतरवून पेटीत ठेवावं. दिवसभर घोडा सजवून दावणीला उभा केला की बघ्यांची गर्दी वाढते आणि त्यांच्यातच न्याहाळणाराही असतो.

घरीच ठेवायचं असं: घोड्याच्या खरेदीचे मूळ कागद (गरज नसेल तर), घरातल्या बायकांचे सोन्याचे दागिने, जास्तीचं एटीएम कार्ड आणि ज्याची गरज फक्त मिरवायला आहे असं सगळं.

खूण आणि यादी

काळं कातडी खोगीर सगळीकडे सारखंच दिसतं. हरवलेलं खोगीर दुसऱ्याच्या पालावर दिसलं तरी ‘हे माझंच’ म्हणायला पुरावा लागतो. म्हणून घरूनच खूण करून न्यावी.

खोगिराच्या आतल्या बाजूला, जिथं सहज हात जात नाही अशा जागी, गावाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे तापल्या सळईने किंवा पक्क्या शाईने उमटवावेत. लगामाच्या कडीवर आणि रिकिबीवर पंच मारून घेता येतो. गावातला कोणताही वेल्डिंगवाला हे करून देईल. झुलीला आणि तोबऱ्याला एकाच रंगाच्या दोऱ्याने टाके घालावेत. बादलीवर ऑइलपेंट. खूण दोन ठिकाणी असावी, एक दिसणारी आणि एक न दिसणारी. दिसणारी खूण बघून चोर बिचकतो, न दिसणारी पोलीस ठाण्यात कामी येते.

नंतर सगळं सामान एका चादरीवर मांडून मोबाईलवर फोटो काढावा. खुणेचा फोटो जवळून वेगळा काढावा. खरेदीची पावती असेल तर तिचाही घ्यावा. हे फोटो घरी राहणाऱ्या माणसाच्या मोबाईलवर पाठवून ठेवावेत, कारण यात्रेत पहिल्यांदा मोबाईलच जाण्याची शक्यता असते. यादीत प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे किंमतही लिहावी. ती का लिहायची, हे खाली तक्रारीच्या भागात येईल.

पालावरची मांडणी

जागा निवडताना एकटं बसू नये. एका तालुक्यातली, ओळखीची तीन-चार पालं शेजारी शेजारी ठोकावीत आणि तोंडं समोरासमोर ठेवावीत. मधल्या मोकळ्या जागेत घोडे, म्हणजे कुठल्याही पालातून दावण दिसते.

लोखंडी पेटीला कुलूप लावून पुरत नाही, कारण पेटीच उचलून नेता येते. पेटी साखळीने गाडीच्या चेसीला किंवा खोल ठोकलेल्या मेखेला बांधावी. रात्री खोगीर उशाशी घ्यायची जुन्या लोकांची सवय आजही उपयोगाची. खोगिराच्या तंगात स्वतःचा गमछा बांधून झोपलं तर ओढल्याबरोबर जाग येते.

गाडीची किल्ली चालकाकडे एक आणि मालकाकडे एक, अशीच असावी. ‘जरा गाडी बाजूला घ्या’ म्हणणाऱ्या अनोळखी पोराच्या हातात ती जाऊ नये. स्टेपनी, जॅक आणि बॅटरी यांकडेही लक्ष असावं.

घोडा अगाडी-पिछाडी दोन्हीने बांधावा. रात्री मोरकीला साखळी आणि छोटं कुलूप लावणारेही आहेत. पण आग लागली किंवा घोडा दाव्यात अडकला तर ते लगेच उघडता आलं पाहिजे. म्हणून किल्ली पाळीवर जागणाऱ्याच्या गळ्यातच हवी.

रिंगणात उतरताना तिघांची वाटणी

स्पर्धेच्या दिवशी कमीत कमी तीन माणसं लागतात. एक घोड्यावर किंवा लगामाला. दुसरा रिंगणाच्या कडेला. त्याच्याजवळ झूल, पाणी आणि प्रवेशाचा कागद. तिसरा पालावर, आणि त्याने नंबर लागो न लागो, जागा सोडायची नाही.

हे तिसरं काम कुणालाच नको असतं. आपला घोडा नाचत असताना पालावर बसायला कुणाला आवडेल? बहुतेकदा ते घरातल्या म्हाताऱ्या माणसावर नाहीतर लहान पोरावर ढकललं जातं आणि लहान पोरगं ढोल ऐकून पळतं. त्यावर दोन उपाय आहेत. एकतर शेजारच्या पालाशी पाळी ठरवावी: ‘तुमचा घोडा रिंगणात असताना आमचा माणूस बघेल, आमचा असताना तुमचा.’ नाहीतर दोघांत पाळी लावावी, सकाळी एक आणि दुपारी दुसरा.

घोड्यावर बसणाऱ्याने खिशात काहीच ठेवू नये. मोबाईल, पाकीट, अंगठी सगळं दुसऱ्या माणसाकडे. ते घेण्यासाठी छातीला बांधायची चेनची पिशवी घ्यावी. खांद्याला लटकणारी नको.

घोड्याची ओळख कागदावर उतरवा

सगळ्यात मोठी मालमत्ता घोडा आहे आणि त्याची ओळखही सामानाइतकीच पक्की हवी. नुसतं ‘तांबडी घोडी, वय पाच’ एवढं लिहून उपयोग नाही.

दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मागून असे चार फोटो उजेडात काढावेत. कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरेपणा, जुन्या जखमेचा डाग याची नोंद करावी. भोवऱ्यांची तर जरूर करावी. घोड्याचा व्यवहार करणारे गळ्यावरचा देवमण, कपाळावरचा भोवरा शुभ-अशुभ म्हणून बघतात. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण भोवऱ्यांच्या जागा जन्मभर बदलत नाहीत, म्हणून ओळख पटवायला त्या फार उपयोगी पडतात. पंचकल्याणी घोडे बाजारात बरेच असतील, पण भोवरेही सगळे त्याच जागी असलेला दुसरा घोडा सापडणं अवघड.

याहून पक्की ओळख म्हणजे मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप पशुवैद्यक मानेत सुईने बसवतात. यंत्र फिरवलं की तिच्यातला १५ आकडी क्रमांक दिसतो. चिप बसवलेली असेल तर क्रमांकाचा कागद घोड्यासोबत नेऊ नये, त्याचा फोटो न्यावा.

कागद: एक पिशवी, दोन प्रती, तीन भाषांचा घोळ

सोबत असावेत असे कागद: पशुवैद्यकाने दिलेलं आरोग्य व प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र, तपासणीचे अहवाल, लसीकरणाची नोंद, घोड्याच्या वर्णनाचा कागद, मालकाचं ओळखपत्र आणि गाडीचे कागद. गाडीची आरसी आणि चालकाचा परवाना डिजिलॉकरमध्ये असेल तर दोन्ही राज्यांत चालतो. मूळ प्रत खिशात घेऊन फिरायची गरज नाही.

सीमाभागाची खरी अडचण भाषेची आहे. औराद किंवा आळंदच्या सरकारी पशुदवाखान्यातून मिळालेला कागद कन्नडमध्ये असू शकतो आणि यात्रेतल्या नोंदणीच्या टेबलावर बसलेल्याला तो वाचता येत नाही. म्हणून प्रमाणपत्र घेतानाच डॉक्टरांना घोड्याचं वर्णन, तारीख आणि निष्कर्ष इंग्रजीतही लिहून द्यायची विनंती करावी. सही-शिक्क्याखाली डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट असावा.

मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून एकाच माणसाकडे ठेवावेत. झेरॉक्सचा एक संच गाडीत, दुसरा पेटीत. टेबलावर मागितलं तर आधी झेरॉक्स पुढे करावी. मूळ प्रत दाखवली तर तिथल्या तिथं परत घ्यावी.

उसनी बादली आणि उसना लगाम नको

सामान वेगळं ठेवायचं आणखी एक कारण आहे, आणि ते चोरीपेक्षा मोठं आहे. ग्लँडर्स हा घोड्या-गाढवांचा जिवाणूजन्य रोग सामाईक पाण्यातून, तोबऱ्यातून, लगामातून पसरू शकतो. तो माणसालाही होतो. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार या रोगाची खबर देणं बंधनकारक आहे. रोगाची खात्री झालेलं जनावर वाचवता येत नाही. कायद्याने ते दयामरण देऊन नष्ट करावं लागतं.

म्हणून आपली बादली, आपला तोबरा, आपला लगाम, आपला खरारा वेगळाच ठेवावा. शेजाऱ्याने मागितला तर नाही म्हणणं जड जातं, पण म्हणावं. सामाईक हौदात घोड्याचं तोंड घालू नये, स्वतःच्या बादलीने पाणी काढून पाजावं. हरवलेली बादली परत सापडली तर ती आधी जंतुनाशकाने धुवावी. आयोजक तपासणीचा अहवाल मागू शकतात. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन उत्तर यायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम यात्रेच्या बरंच आधी उरकावं.

सौदा आणि पैसे

स्पर्धेत नंबर लागला की घोड्याला गिऱ्हाईक येतं. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची पद्धत अजून आहे. भाव कुठल्याही पद्धतीने ठरो, पैसे घेताना मात्र सावध राहावं.

- ‘चाल बघतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला एकट्याला घोडा देऊ नये. चाल आपल्या माणसाने दाखवावी.
- ‘पैसे टाकले’ असा मेसेज किंवा फोटो दाखवला म्हणजे पैसे आले असं नाही. स्वतःच्या बँकेचं खातं उघडून शिल्लक बघावी. यात्रेत नेटवर्क अडतं. तोपर्यंत दावं सोडू नये.
- पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितला तर समजायचं की पैसे जाणार आहेत.
- प्राप्तिकर कायद्यानुसार एका दिवसात एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला होतो, तोही तेवढ्याच रकमेचा.
- निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर ५० हजारांहून जास्त रोख रकमेचा हिशेब नाक्यावर दाखवावा लागतो. सौद्याची पावती, दोघांच्या सह्या आणि साक्षीदार जवळ असावेत.
- रोख आलीच तर ती रात्रभर पालावर ठेवू नये. बँक उघडी असतानाच सौदा पुरा करावा.

स्वस्तात मिळणाऱ्या खोगिराचाही मोह आवरावा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसा संशय यायला कारण असून तो घेणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

चोरी झालीच तर

आधी आयोजकांच्या मंडपातून ध्वनिक्षेपकावर पुकारा करायला सांगावं. अनेकदा वस्तू चुकून उचललेली असते. त्याच वेळी एकाने बाजारातल्या जुन्या सामानाच्या दुकानांवर नजर टाकावी. गाड्या बाहेर पडायच्या वाटेवर दुसऱ्याने उभं राहावं. भांडण मात्र करू नये. खूण पटली तर पोलिसांना बोलवावं. तातडीला ११२ हा क्रमांक दोन्ही राज्यांत एकच आहे.

तक्रारीबाबत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतल्या तीन गोष्टी सीमाभागातल्या माणसाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, चोरलेल्या मालाची किंमत ५ हजार किंवा जास्त असेल तर तो दखलपात्र गुन्हा. अशी तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. चोरी माळेगावात झाली आणि तिथं थांबणं शक्य नसेल तर भालकीच्या ठाण्यातही. याला झीरो एफआयआर म्हणतात. नंतर ती संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते. तरीही शक्य असेल तर यात्रेतल्या ठाण्यातच द्यावी, कारण माल तिथंच कुठंतरी असतो.

दुसरी, किंमत ५ हजारांपेक्षा कमी असेल तर ती चोरी अदखलपात्र धरली जाते. मग त्याच हद्दीतल्या ठाण्यात नोंद करावी लागते आणि तपासाला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. म्हणून ‘लगाम गेला’ एवढंच न सांगता एकाच वेळी गेलेल्या सगळ्या वस्तू आणि त्यांच्या खऱ्या किमती सांगाव्यात. यादी कामी येते ती इथं. किंमत फुगवून मात्र सांगू नये.

तिसरी, ऑनलाइन किंवा मेसेजने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी. ठाण्यात नोंद करून घेतली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं.

मोबाईल गेला असेल तर सिम बंद करून घ्यावं, पोलिसांत नोंद करावी आणि ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आयएमईआय क्रमांक टाकून फोन ब्लॉक करावा. हा क्रमांक घरूनच लिहून ठेवावा; तो फोनच्या खोक्यावर असतो. खात्यातून पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

निघायच्या आदल्या दिवशी

- सामानाची यादी, किंमत, खूण, फोटो. एक प्रत घरी.
- घोड्याचे चार फोटो आणि भोवऱ्यांची नोंद.
- प्रमाणपत्र इंग्रजीत, मूळ एकाकडे, झेरॉक्स दोन ठिकाणी.
- पेटी, साखळी, दोन कुलपं. किल्ल्या कुणाकडे ते ठरलेलं.
- स्वतःच्या बादल्या, तोबरा, लगाम, जंतुनाशकाची बाटली.
- आयएमईआय क्रमांक आणि घरच्या दोन माणसांचे नंबर कागदावर लिहिलेले.
- स्पर्धेच्या वेळी पालावर कोण बसणार, त्याचं नाव.

‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण बैलाची असली तरी घोडेवाल्यालाही लागू पडते. यादीतली बाकीची कामं एका संध्याकाळी उरकतात. शेवटचं मात्र घरात बसून, सगळ्यांच्या देखत ठरवावं. यात्रेत ढोल वाजायला लागल्यावर पालावर बसायला कुणी तयार होत नाही.